मुलांची नीती प्रश्नावलीत सापडत नाही

एम.एड.चा लघुशोधप्रबंध असो की शिक्षणशास्त्रातली पीएच.डी., ‘विद्यार्थ्यांची नैतिक मूल्ये’ हा विषय घेतला की पुढचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. एखादी प्रमाणित चाचणी आणायची, नाहीतर गाईडच्या मदतीने चाळीस विधानांची प्रश्नावली तयार करायची. ‘मी नेहमी खरे बोलतो.’ ‘मी मोठ्यांचा आदर करतो.’ ‘दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे चूक आहे.’ प्रत्येक विधानासमोर ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी. नागपूर शहरातल्या चार शाळा, कामठी-हिंगण्याकडच्या चार शाळा, मिळून चारशे मुले. माहिती दोन-तीन दिवसांत गोळा होते, टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक पारखणारा आकडा) काढले जाते आणि शेवटच्या प्रकरणात लिहिले जाते की शहरी व ग्रामीण विद्यार्थ्यांच्या नैतिक मूल्यांत सार्थक फरक आढळत नाही, सबब शून्य परिकल्पनेचा (‘फरक नाही’ या गृहीतकाचा) स्वीकार करण्यात येत आहे.

या निष्कर्षातून मुलांविषयी काहीही कळत नाही. विद्यार्थ्याची मेहनत कमी पडलेली नसते, साधनच चुकीचे असते. बालकांचा नीतिविकास हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवायचा असेल, तर एकेका मुलाशी बोलणे, ते बोलणे जसेच्या तसे उतरवणे आणि दोघांनी ते स्वतंत्रपणे तपासणे हे कौशल्य अभ्यासक्रमाच्या मध्यभागी असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि गृहविज्ञान हे तिन्ही विभाग आहेत. तिघांनी मिळून दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम उभा करावा.

आधी प्रश्नावली कुठे फसते ते पाहू. दहा वर्षांच्या मुलीला वर्गात बसवून, बाई समोर उभ्या असताना, ‘मी नेहमी खरे बोलते’ यावर खूण करायला सांगितली तर ती कोणती चौकट निवडेल? बरोबर उत्तर तिला ठाऊक आहे. सकाळच्या परिपाठात, सुविचारात आणि बोधकथेत ते तिने पहिलीपासून ऐकले आहे. त्यामुळे बहुतेकांचे गुण वरच्या टोकाला जाऊन चिकटतात. गुणांत फैलावच उरला नाही तर दोन गटांतला फरक दिसणार कसा? ‘सार्थक फरक नाही’ म्हणजे दोन्ही गट सारखे आहेत असे नव्हे. फरक टिपण्याची ताकदच त्या चाचणीत नव्हती, असाही त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय अशा प्रश्नावलीचा विश्वसनीयता गुणांक, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, चांगला येऊ शकतो आणि त्यानेच परीक्षकांचे समाधान होते. पण तो चांगला येण्याचे कारण असे की चाळीसही विधाने एकच गोष्ट मोजत असतात: आपण चांगले दिसावे ही मुलाची इच्छा. यावर उपाय म्हणून काही विधाने उलटी घातली जातात. ‘खोटे बोलण्यात काही चूक नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणायचे तर दोन नकार एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि तिथे चौथी-पाचवीची मुले गोंधळतात. मग नीती बाजूला राहते आणि वाचनाची परीक्षा होते.

हा विषय ज्यांनी उभा केला त्यांनी चौकटी भरून घेतल्या नव्हत्या. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजेने मुलांच्या नैतिक निर्णयावरचा आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी तो गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्ये बसला आणि खेळ शिकवा म्हणाला. हा नियम कोणी केला, तो बदलता येईल का, सगळ्यांनी मिळून बदलला तर तो खेळ खरा राहील का, असे तो विचारत गेला. त्याच्या कपांच्या गोष्टी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात. एक मुलगा जेवायला बोलावले म्हणून दार उघडतो आणि दारामागचे १५ कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा काढायला जातो आणि एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुले पंधरा कपांवर बोट ठेवत, मोठी मुले हेतूकडे पाहत. पुढे १९८० मध्ये शॅरन नेल्सन यांनी अशाच प्रकारचा प्रश्न सोप्या गोष्टीतून, चित्रांत हेतू स्पष्ट दाखवून विचारला, तेव्हा तीन वर्षांची मुलेही हेतू लक्षात घेतात असे दिसले. पियाजेच्या गोष्टी लांब होत्या, दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागत, नुकसान ठळक होते आणि हेतू आडून सुचवलेला होता. मुलाची समज आणि साधनाची अडचण वेगळी काढता येणे, हे या विषयातले पहिले शिक्षण. ते स्वतः गोष्ट रचून, ती फसलेली पाहून आणि दुरुस्त करूनच येते.

म्हणून गोष्टी इथल्या हव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गने १९५८ च्या प्रबंधासाठी १०, १३ आणि १६ वर्षांच्या मुलग्यांना विचारलेला प्रसंग, म्हणजे आजारी बायकोसाठी औषध चोरणारा हाइन्झ, मराठीत उतरवून सातवीच्या मुलापुढे ठेवला की तो धड्याखालचा प्रश्न आल्यासारखे उत्तर देतो. त्यापेक्षा तान्हा पोळा घ्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा विदर्भातला मुलांचा सण. चार मुले मिळून एक लाकडी नंदी घेऊन वस्तीत फिरली. नंदी एकाचा. सजवला दुसरीने. सर्वांत लहान मुलगा अर्ध्यातच थकून घरी गेला. चौथ्याला वही घ्यायची आहे आणि घरी पैसे नाहीत. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेले पैसे, जमला, आता वाटणी कशी करायची?

इथे तपशील महत्त्वाचा आहे. पाच रुपयांची १२ नाणी ठेवली तर बहुतेक मुले ‘तीन-तीन’ म्हणून मोकळी होतील आणि बोलणे संपेल. १० नाणी ठेवा. दोन-दोन वाटून दोन उरतात, आणि त्या दोन नाण्यांसाठी मुलाला कारण द्यावे लागते. नाणी खरीच ठेवा आणि वाटणी मुलाच्या हातून होऊ द्या, कारण तोंडाने सांगितलेली वाटणी आणि हाताने केलेली वाटणी जुळतेच असे नाही. दोन्ही नोंदवा. विल्यम डेमन यांनी १९७० च्या दशकात वाटपाच्या न्यायावर असेच काम केले. ‘मला पाहिजे म्हणून’ इथून मुले ‘सगळ्यांना सारखे’कडे, मग ‘ज्याने काम केले त्याला जास्त’कडे आणि पुढे गरज व कष्ट दोन्ही तोलण्याकडे कशी सरकतात, हे त्यांनी दाखवले. नाणी कोणाकडे गेली यापेक्षा त्यामागे दिलेले कारण अभ्यासाचा ऐवज असते.

मुलाखत घेणे सोपे वाटते, पण ते शिकवावे लागते. गोष्ट ६० ते ८० शब्दांची असावी. पहिली पाच मिनिटे इकडचे तिकडचे बोलण्यात जावीत. सहा वर्षांच्या मुलासाठी एकूण २० मिनिटे पुरे, बारा वर्षांच्यासाठी ३०. प्रश्न विचारण्याआधी गोष्ट मुलाकडून परत सांगून घ्यावी. ती त्याला सांगता आली नाही तर पुढची उत्तरे विश्लेषणात धरू नयेत. विद्यार्थ्यांच्या सरावात तीन चुका सतत होतात. पहिली, तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारणे. आपले पहिले उत्तर चुकले असे मुलाला वाटते आणि तो ते बदलतो. दुसरी, प्रत्येक उत्तरानंतर ‘का?’ म्हणणे. शाळेत हा शब्द रागावताना ऐकू येतो, त्यामुळे मूल गप्प होते. ‘मग काय होईल?’, ‘त्या लहान्याला काय वाटलं असेल?’, ‘एक पोरगी म्हणे की सगळे पैसे नंदीवाल्याचेच, ती असं काहून म्हणत असेल?’ असे विचारले की बोलणे पुढे सरकते. या शेवटच्या प्रश्नात मुलापुढे विरुद्ध मत ठेवले जाते, पण ते दुसऱ्या मुलाच्या नावावर असते, म्हणून त्याला खोडायला ते घाबरत नाही. तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मधेच ‘शाब्बास’ म्हणणे. एका उत्तराला शाबासकी मिळाली की उरलेली मुलाखत त्याच दिशेने वाकते. मुलाखत घेणारी व्यक्ती त्या मुलाची वर्गशिक्षिका असू नये, जागा मुख्याध्यापकांची खोली असू नये. मूल घरी वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी जे बोलत असेल ते तसेच लिहून घ्यावे. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेतले की नेमके तर्काचे जोड निसटतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिअल यांनी यात मोलाची भर घातली. कोणते नियम मुले नीतीचे मानतात आणि कोणते नुसत्या रीतीचे, हे ओळखायला त्यांच्या पद्धतीत ठरावीक प्रश्न आहेत. शालेय पोषण आहाराची रांग घ्या. एका मुलाने लहान्याला ढकलले, दुसरा रांग मोडून पुढे घुसला, तिसऱ्याने डाव्या हाताने खिचडी खाल्ली. तिन्हींबद्दल विचारा: बाईंनी ‘चालेल’ म्हटले तर चालेल का? दुसऱ्या गावच्या शाळेत असा नियमच नसेल तर? कोणी पाहिलेच नाही तर? अनेक देशांतल्या अभ्यासांत असे दिसले आहे की चार-पाच वर्षांची मुलेही मारण्याला ‘बाईंनी सांगितले तरी चूक’ म्हणतात, आणि रीतीच्या नियमाला मात्र ‘बाई हो म्हणाल्या तर चालेल’ म्हणतात.

आता आपले मूल्यशिक्षण पाहा. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, सगळी मूल्ये एकाच यादीत आणि एकाच आवाजात. बूट पॉलिश न केलेल्या मुलाला आणि वर्गमैत्रिणीला जातीवरून चिडवणाऱ्या मुलाला परिपाठाच्या रांगेत सारखेच बोलणे बसत असेल, तर जो भेद मुलाला बालवाडीतच कळत होता तो शाळा पुसून टाकते. हे नुकसान मोठे आहे, आणि ‘पूर्ण सहमत’च्या चौकटीत ते कधीच दिसणार नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. मूल ज्या व्यवस्थेत रोज जगते तीच त्याला वागणे शिकवते, ही त्यातली समज मला आजही बरोबर वाटते. म्हणून नीतिविकासाच्या अभ्यासकाने मुलांच्या मुलाखतींबरोबर शाळेची रांग, मॉनिटरची निवड, शिक्षा आणि शालेय मंत्रिमंडळाला खरोखर किती अधिकार आहेत, हेही पाहिले पाहिजे.

परदेशी सिद्धान्त इथे कशाला, हा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर भारतातल्याच कामात आहे. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या मुलांची व मोठ्यांची तुलना प्रसिद्ध केली. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग शिकागोत कोणाला गंभीर वाटला नाही. भुवनेश्वरमध्ये तो घोर अपराध ठरला. यावर ट्युरिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दा मांडला की त्या वागण्याने वडिलांच्या आत्म्याला इजा होते असे लोक मानत असतील, तर इजा करू नये हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, वस्तुस्थितीविषयीची समजूत तेवढी वेगळी. मिलर आणि बर्सॉफ यांच्या १९९२ च्या अभ्यासात म्हैसूरची मुले व प्रौढ न्यायाच्या नियमापेक्षा जवळच्या माणसाप्रती असलेल्या कर्तव्याला अमेरिकनांपेक्षा अधिक वेळा वर ठेवताना दिसली. मित्राच्या लग्नाला वेळेत अंगठी पोहोचवण्यासाठी दुसऱ्याचे रेल्वे तिकीट घ्यावे का, अशा धर्तीचे ते पेच होते. हा वाद मिटलेला नाही. नागपूरसारखे शहर त्यात भर घालू शकते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे घडले त्यानंतर इथल्या हजारो घरांत मुले पंचशील म्हणत वाढली. त्याच वर्गात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना म्हणणारे घर असते, मदरशात जाऊन आलेले मूल असते, रामटेककडून आलेले गोंड मूल असते. वाटणी, आज्ञापालन, शिवाशिव, जीवहत्या यांबद्दल ही मुले कोणती कारणे देतात ते वेगवेगळे ऐकायला हवे. ‘शहरी’ या एका रकान्यात त्यांची सरासरी काढण्यात काय अर्थ आहे?

बोलणे आणि वागणे एक नसते, हेही विसरता येत नाही. हार्टशोर्न आणि मे यांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक मुलांना फसवणुकीची संधी दिली होती. उत्तरपत्रिकांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग मुलांना स्वतःच गुण द्यायला सांगायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. एका प्रसंगी प्रामाणिक राहणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसे राहीलच असे नाही, असा तो निष्कर्ष होता. आजही असा सापळा लावावा का, हा नीतिसंहितेचा प्रश्न आहे. माझ्या मते पदव्युत्तर विद्यार्थ्याने लावू नये. अंगणवाडीत किंवा मधल्या सुट्टीत एकेका मुलाकडे ठरलेली पाच मिनिटे पाहून नोंद करण्याच्या पद्धतीने बरेच काही मिळते.

परवानग्यांचा भाग प्रबंधांत एका ओळीत उरकला जातो, त्याला पूर्ण एक पेपर हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मुलांवरील संशोधनाविषयीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वैद्यकीय संशोधनासाठी आहेत, पण त्यांतला नियम इथेही धरावा: पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. मूल मधेच ‘नाही बोलायचं’ म्हणाले तर तिथेच थांबायचे. आणि ‘तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही द्यायचे नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षा, भीती, गुपित यांवर बोलता बोलता मूल असे काही सांगू शकते. तेव्हा काय करायचे, कोणाला फोन करायचा, मुलाला काय सांगायचे, हे शाळेत पाऊल ठेवण्याआधी ठरलेले आणि सरावाने पक्के झालेले असले पाहिजे.

एवढा वेळ कोणाकडे आहे, हा खरा विरोध. हिशेब मांडू. ६, ९ आणि १२ वर्षे या तीन वयोगटांतली दहा-दहा, म्हणजे ३० मुले. प्रत्येकी २५ मिनिटे धरली तर साडेबारा तासांचे ध्वनिमुद्रण. एक तासाचे बोलणे उतरवायला सहा तास धरले तर ७५ तास. मग संकेतनाची, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या प्रकारात टाकायचे याची, नियमावली लिहायची. किमान सहा मुलाखती दुसऱ्या विद्यार्थ्याने, वय आणि शाळा न पाहता, स्वतंत्रपणे संकेतित करायच्या आणि दोघांतली सहमती कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने जुळलेली उत्तरे वगळून सहमती मोजणाऱ्या आकड्याने) मोजायची. आकडा ०.६ च्या खाली आला तर बहुधा नियमावली संदिग्ध असते. ती दुरुस्त करायची, नव्या मुलाखतींवर पुन्हा तपासायची आणि मग सगळ्या मुलाखतींचे संकेतन पहिल्यापासून करायचे. हे एका सत्रात बसते, जर आधीच्या सत्रात किमान १२ सराव मुलाखती झाल्या असतील आणि त्यांतल्या प्रत्येकीचा उतारा वर्गात ओळीओळीने वाचला गेला असेल. शाळेचे वेळापत्रकही पाहावे लागते. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, फेब्रुवारीपासून परीक्षांची गडबड असते आणि एप्रिलच्या सकाळच्या शाळेत उन्हाने कोमेजलेल्या मुलांशी नीट बोलणे होत नाही. जुलै ते जानेवारी हाच काळ हाती असतो. तान्ह्या पोळ्याची गोष्ट तर तो सण होऊन गेल्यावर लगेच, मुलांच्या खिशात बोजारा असतानाच विचारावी.

‘३० मुलांवरून निष्कर्ष काढता येत नाही’ असे आरआरसीत, म्हणजे संशोधनाचे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, हमखास म्हटले जाते. जिल्ह्यातली किती टक्के मुले असे म्हणतात, हे ३० मुलांवरून सांगता येत नाही, हे खरेच. पण मुले कोणकोणती कारणे देतात आणि वयाप्रमाणे ती कशी पालटत असावीत, याचा पहिला नकाशा त्यातून मिळतो. त्या कारणांतून पुढे मोठ्या नमुन्यासाठी प्रश्नावली बनवता येते, आणि तेव्हा ती मुलांच्या शब्दांत असते. मोठा नमुना आपोआप खरे सांगतो असेही नाही, आणि छोटा नमुना कितीही गाजला तरी त्यावर थांबता येत नाही. २००७ मध्ये एका गाजलेल्या प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी मदत करणाऱ्या बाहुल्याला पसंती दिल्याचे दिसले होते. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला, तेव्हा ती पसंती दिसली नाही. असे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचायची सवय एम.ए.च्या पहिल्या वर्षातच लागली पाहिजे.

गाईड कुठून आणायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. प्रत्येकाचे उतारे खरोखर वाचायचे तर ही मर्यादाही जास्त वाटते. म्हणून तिन्ही विभागांनी संयुक्त मार्गदर्शन करावे आणि उताऱ्यांचे वाचन सामूहिक ठेवावे. नोकरीच्या प्रश्नालाही उत्तर आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, बालगृहे, शाळांतले समुपदेशक, पाठ्यपुस्तके आणि कृतिपुस्तिका तयार करणारे गट, मूल्यशिक्षणाचे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था, या सर्वांना मुलाशी बोलून त्याचे म्हणणे समजून घेणारी माणसे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नैतिक निर्णयासाठी तर्काची चौकट मुलांना द्यावी असे म्हटले आहे. ती देणाऱ्या शिक्षकाला ‘तू असे का म्हणतोस’ हे न दटावता विचारता आले पाहिजे.

कार्यक्रमांचे मूल्यमापन हे तर या पदवीधरांचे सर्वांत निकडीचे काम ठरेल. अमेरिकेत सात सामाजिक व चारित्र्यविकास कार्यक्रमांची शाळांमध्ये काटेकोर तपासणी झाली. २०१० मध्ये आलेल्या अहवालात त्यांचा मुलांवर एकूण परिणाम आढळला नाही. कार्यक्रम चांगल्या हेतूने केलेले होते, शिक्षकही प्रामाणिक होते. आपल्याकडे परिपाठ काही दशके चालू आहे, आणि २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून सुरू झालेल्या मूल्यवर्धनसारखे, मुलांना जोडीत व गटात बोलते करणारे प्रयत्नही झाले आहेत. यांतले काय उपयोगी पडते ते ठरवायला कार्यक्रमाआधी आणि नंतर, कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या शाळांत, त्याच मुलांच्या मुलाखती लागतील.

पहिली तुकडी बारा विद्यार्थ्यांची पुरे. दोन महानगरपालिकेच्या शाळा, एक खासगी अनुदानित शाळा आणि रामटेक तालुक्यातली एक आश्रमशाळा यांच्याशी दोन वर्षांचा करार करावा, म्हणजे दरवेळी परवानगीसाठी नव्याने हेलपाटे पडणार नाहीत आणि मुलांनाही येणारी माणसे ओळखीची होतील. ध्वनिमुद्रणाची साधी यंत्रे, नाणी, चित्रांचे संच आणि शांत खोली एवढेच साहित्य लागते. करारात एक अट मात्र हवी: प्रत्येक सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी शाळेला मराठीत दोन पानांचे टिपण द्यावे. त्यात एकाही मुलाचे नाव नसावे, मुलांनी शिक्षा, वाटणी आणि नियम यांबद्दल दिलेली कारणे त्यांच्याच शब्दांत असावीत, आणि ते टिपण शिक्षकांच्या बैठकीत वाचून त्यावर तासभर बोलणे व्हावे.